टॉवेलाखालचा हात

गंगूआक्का वाचल्या. हे मी तुम्हांला सांगितलेलंच नाही असं समजा, मीही विसरतो. कारण हे सगळं चाललं होतं तेव्हा आक्का वाचणार नाहीत हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला ठाऊक नसतं तर माझ्या मोबाइलमधल्या अ‍ॅपने ते लाल रंगात सांगितलंच असतं.

मी ऋषिकेश, मूळचा परभणीचा. पुण्याजवळच्या माणमध्ये भाड्याच्या खोलीत राहतो. इथे पूर्वी भात पिकायचा, आता खोल्या पिकतात. आमची इमारत चार मजल्यांची आहे, जिना बाहेरून आहे, आणि तळमजल्यावर मालकांचं घर. मालक जनार्दनतात्या. ते गेल्या पौषात वारले, पण मालक अजून तेच आहेत. ते कसं, हे येईलच पुढे.

तात्या बैलबाजारातले दलाल. चाकणपासून घाटाखालपर्यंत त्यांचा हात प्रसिद्ध होता. बैलाचा भाव तोंडाने बोलायचा नाही, ही त्या धंद्याची रीत. दोन दलालांनी हातात हात घ्यायचा, वरून टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबायची. एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन. भोवती अख्खा बाजार उभा असला तरी भाव त्या दोन हातांनाच कळतो. खोली भाड्याने देतानाही तात्या टॉवेलच काढायचे. माझा हात त्यांनी दाबला तेव्हा मला भाव काही कळला नाही. दुखलं म्हणून मी हो म्हणालो. नंतर हिशेब केला तर खोली महाग पडली होती, पण हात सुटल्याच्या आनंदात ते चालून गेलं.

शेवटच्या वर्षी मात्र तात्यांचं काहीतरी बदललं. जळगावचा पियूष वरच्या खोलीत राहायला आला तेव्हा जिना चढता चढता म्हणाला, "काय मऊ हात आहे रे काकांचा." मग तात्यांच्या हातून तांब्या निसटायला लागला. दाराची कडी लागेना. सगळे म्हणाले, तात्या वयानं मवाळ झाले, बरं झालं. शुभांगीवहिनींनी, म्हणजे त्यांच्या सुनेनं, काचेचे पेले उचलून ठेवले आणि प्लास्टिकचे काढले. इलाज म्हणून एवढाच झाला. एका दुपारी पडवीतल्या बाजेवर बसल्या बसल्या तात्या गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी आमच्या कंपनीने, जी तब्येतीची अ‍ॅपं बनवते, एक यंत्र आणलं. हातात धरायची मूठ, दाबली की पकड किती किलोची ते दिसतं आणि अ‍ॅपमध्ये जातं. आमच्या मॅनेजर ज्ञानदा मॅडमनी मीटिंगमध्ये समजावलं की उतारवयात ज्यांची मूठ सैल पडत जाते त्यांच्यात पुढे हृदयाचे त्रास जास्त आढळतात. मूठ सैल पडल्यामुळे हृदय बिघडतं असं नाही. आत काही ढिलं पडायला लागलं तर त्याची खबर हाताला लवकर लागते, इतकंच. म्हणून इशारा समजायचा आणि डॉक्टरकडे जायचं.

मला पियूषचं वाक्य आठवलं. माझा माइक बंद होता आणि तो बंदच बरा होता.

प्रत्येकाने आपापल्या घरातल्या ज्येष्ठांची पकड मोजून आणायची होती. माझे ज्येष्ठ परभणीला. म्हणून मी आक्कांना विचारलं.

आक्का, म्हणजे तात्यांच्या बायको, भाडेकरूंना नावाने हाक मारत नाहीत, जिल्ह्याने मारतात. "काय रं परभणी, ह्यो काय पकड-पान्हा आणलायस?" म्हणाल्या आणि हात पुढे केला. उजव्या हाताचा आकडा आला तो बघून मला वाटलं यंत्र बंद आहे. डाव्या हाताचा बरा आला. मी पुन्हा मोजलं. आक्का उजव्या हाताने सगळं करतात. भाकरी थापतात, भाडेकरूंच्या डोक्यावर टपल्या मारतात. तरी उजवा डाव्याच्या निम्म्यावर.

"उजवा दमतुया," आक्का म्हणाल्या. "दुपारचा बाजार आसतोय न्हवं."

कसला बाजार, असं मी विचारलं. उद्या दुपारी ये, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी घरूनच काम घेतलं आणि जेवणानंतर खाली उतरलो. वैशाखातलं ऊन समोरच्या काचेच्या इमारतीवर आपटून आमच्या पडवीत येत होतं. आक्का तात्यांच्या बाजेवर एका कडेला बसल्या होत्या. दुसऱ्या कडेला कुणी नव्हतं, पण बाज तिकडून जास्त खचलेली होती. मधे आक्कांचा उजवा हात, त्यावर तात्यांचा निळ्या काठाचा टॉवेल. टॉवेल हलत होता. पंखा बंद होता आणि वारा नव्हता, आणि टॉवेलाखालचा फुगवटा एका म्हातारीच्या हाताला पुरून उरेल एवढा मोठा होता.

शुभांगीवहिनी झाडू घेऊन आल्या, बाजेखालून झाडलं, रिकाम्या कडेपाशी जरा थांबल्या, डोक्यावर पदर घेतला आणि पुढे गेल्या. त्या बावधनच्या. माहेर पुण्यात आहे असं सांगतात, आणि असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही. "आत्यांचा टाइमपास चालतो रोज," सासूकडे बोट दाखवून मला म्हणाल्या. पण आवाज हळू होता आणि पदर तसाच होता.

थोड्या वेळाने टॉवेल सपाट झाला. आक्कांनी हात काढून घेतला, झटकला, आणि मला सगळं सांगितलं, पाण्याचा टँकर आला नाही हे ज्या सुरात सांगतात त्याच सुरात. तेरावा झाल्यावर दुसऱ्याच दुपारी त्या बाजेवर टेकल्या तर दांडीवरचा टॉवेल आपणहून मांडीवर येऊन पडला. सवयीनं हात खाली गेला. आत मालकांचा हात होता. तांब्या सांडणारा नव्हे, त्याच्या आधीचा, चाकणच्या बाजारातला. मालक चल म्हणत होते. मूठ बंद, म्हणजे आत्ताच. आक्कांनी पाचही बोटं दाबली. पाच लावण्या, म्हणजे अजून पाच पावसाळे भाताची लावणी बघेन आणि मग येईन. दोन इमारतींच्या मधे त्यांचं एक खाचर अजून शिल्लक आहे, त्यात दर वर्षी लावणी होते. बाकी गावाला महिने कॅलेंडरवर दिसतात, आक्कांना त्या खाचरात.

तेव्हापासून रोज दुपारी घासाघीस चालली होती. मालक मुठीवरून एका बोटावर आले होते, म्हणजे यंदाची लावणी बघ आणि ये. आक्का पाचावरून दोनावर उतरल्या होत्या.

मी म्हणालो की आक्का, तुमचा आकडा वाईट आहे, आपण डॉक्टरकडे जाऊ. आक्का म्हणाल्या की दुपार चुकवता येत नाही. जो बाजाराला आला नाही त्याने समोरच्याचा भाव कबूल केला असं धरतात. दवाखान्यात एकदा गेलं की दुपार कशी सुटणार? मग मी विचारलं, तुम्हांला जायचं आहे का तात्यांबरोबर?

आक्कांनी आधी रिकाम्या कडेकडे बघितलं.

"जल्मभर त्यांच्या मागनं चालले," म्हणाल्या. "आता कुटं पंखा पाचावर लावून झोपतीया. त्यांना वारा सोसत न्हवता."

एवढंच होतं. आक्कांना जगायचं होतं, पंखा पाचावर लावून. मला ते कारण कंपनीच्या जाहिरातीतल्या सगळ्या कारणांपेक्षा पटलं.

खरं तर मला अजून वाटत होतं की हा आक्कांच्या मनाचा खेळ आहे. म्हणून एका दुपारी मी त्यांची परवानगी काढली आणि टॉवेलाच्या दुसऱ्या बाजूने यंत्राची मूठ आत सरकवली. कुणीतरी ती माझ्याकडून काढून घेतली. हिसकावली नाही, बाजारात पुढे केलेला हात घेतात तशी घेतली. मग दाबली. आकडा चढत गेला आणि यंत्राच्या शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबला. अ‍ॅपने वय विचारलं, मी तात्यांचं टाकलं. अ‍ॅपने विचार केला, हिरवे फुगे उडवले आणि लिहिलं: 'अभिनंदन! तुमचं हृदय तुमच्या वयापेक्षा खूपच तरुण आहे. असेच सक्रिय राहा.' खाली रोज अर्धा तास भरभर चालण्याचा सल्ला होता.

ही नोंद ज्ञानदा मॅडमच्या नजरेत आली. त्यांनी फोन करून विचारलं की हे आजोबा कोण, यांना आपण जाहिरातीत घेऊ. मी म्हणालो, ते वारलेत. मग त्यांनी विचारलं, "चाचणीच्या आधी की नंतर?" मी आधी म्हणालो. त्या म्हणाल्या, मग ठीक आहे, आपल्यावर येत नाही.

वैशाख संपत आला तसा आक्कांचा उजवा हात आणखी उतरला. पावलं सुजली. पडवीची एक पायरी चढून त्या थांबायच्या आणि कुणाला तरी हाक मारायची आहे असं दाखवायच्या, म्हणजे धाप दिसू नये. मग एका दुपारी टॉवेल सपाट झाल्यावर त्या हात काढून नुसत्या बसून राहिल्या. मी विचारलं काय झालं.

"दोन दाबली," म्हणाल्या. "त्यांना एकच लागलं."

त्यांच्या दुसऱ्या बोटात जोर उरला नव्हता. त्या दोन लावण्या मागत होत्या आणि पलीकडे एकच पोचत होती; असंच राहिलं तर सौदा एकावर ठरणार होता. दलाल समोरच्याच्या मनातलं मोजत नाही, हाताला लागतं तेवढं मोजतो. आणि खाचरात रोपं टाकायची तयारी सुरू झाली होती.

त्या संध्याकाळी आक्कांच्या हातून भाकरी तव्यावर पडायच्या ऐवजी चुलीत पडली. किशोरदादा, त्यांचा मुलगा, ताटावरून उठला. त्याचे टँकर आहेत, आवाज टँकरच्या मोटारीसारखा आहे. उद्या सकाळी गाडी काढतो आणि आईला चांदणी चौकाजवळच्या मोठ्या दवाखान्यात नेतो, असं त्याने जाहीर केलं. आक्का न्हाई म्हणाल्या. सकाळी गाडी दाराशी आली तर आक्कांनी डाव्या हाताने बाजेचा पाय धरला. डावा हात चांगला होता, मी मोजला होता. किशोरदादाने ओढून बघितलं. आई आणि बाज दोन्ही दाराकडे सरकायला लागल्या, तेव्हा सोडून दिलं.

मग त्याला हे दुपारच्या बाजाराचं सगळं सांगावं लागलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो खाली जमिनीवर बसला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की पौषापासून मी त्याला त्या बाजेवर बसलेलं पाहिलं नव्हतं.

बसल्या बसल्या तो म्हणाला, "आई, तू सोता हात घातलास?"

"मग कुणी घालायचा?"

"बैलाचा मालक कदी सोता हात घालतोय का? दलाल घालतोय. आपल्या जनावराचा भाव आपण केला की माया आडवी येतीया आणि मानूस बुडतोय. तात्या जल्मभर हेच सांगत हुते."

आक्कांनी बाजेचा पाय सोडला. चाळीस वर्षं दलालाच्या घरात काढून त्या स्वतःच्या जिवाचा सौदा दलालाशिवाय करायला बसल्या होत्या. असली चूक परभणीत कुणी केली नसती, कारण तिथे बैलसुद्धा आता फोनवरून विकतात.

तर दलाल पाहिजे होता. किशोरदादा म्हणाला, मी घालणार नाही. का, तर बाप आहे. "त्यांनी हात धरला आनि चल म्हनले, तर मला न्हाई म्हनता यायचं न्हाई." हे तो जमिनीकडे बघत म्हणाला आणि त्यात मोटारीचा आवाज अजिबात नव्हता. शुभांगीवहिनी म्हणाल्या की आपला यावर विश्वास नाही, आणि सासऱ्यांच्या हातात हात कसा देणार? मग तिघांनीही माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो की माझा काय संबंध?

"तुजा काय संबंद न्हाई," आक्का म्हणाल्या, "म्हनून तर."

दलालाची एवढीच पात्रता असते. मी आजवर दिलेल्या सगळ्या मुलाखतींत अनुभव मागितला होता; इथे संबंध नसणं पुरत होतं.

दुपारी मी बाजेवर आक्कांच्या जागी बसलो. आक्कांनी आपला हात टॉवेलाखाली घातला, काहीतरी दाबलं, मग माझा हात धरून आत नेला आणि स्वतःचा काढून घेतला. क्षणभर तिथे काही नव्हतं. मग तो आला.

थंड असेल असं मला वाटलं होतं. तो कोमट होता, कोरडा होता, आणि तळव्याला कासऱ्याने पडलेले घट्टे होते. त्याने माझी बोटं एकेक करून चाचपली, जनावराचे दात बघतात तशी. त्याला कळलं की ह्या आक्का नाहीत. पकड आवळली. माझ्या तोंडून आवाज निघाला असावा, कारण शुभांगीवहिनींनी पाणी आणलं आणि देवघरातला अंगाराही आणला, विश्वास नसताना. बाहेर किशोरदादाने गाडी सुरू केली. आक्का स्वतः चालत गेल्या. गाडी गेल्याचा आवाज झाला तेव्हा टॉवेलाखालचा हात एकदम थांबला, माणूस कान देऊन ऐकतो तसा.

मी पाच बोटं दाबली. एक आलं. मी पाच दाबली. एक आलं. मला त्या धंद्यातलं दुसरं काही येत नव्हतं, म्हणून मी पाचच दाबत राहिलो, पगारवाढीच्या बैठकीत कंपनी तोच आकडा सांगत राहते तसा. हळूहळू एक यायचं बंद झालं आणि नुसती पकड उरली. अशी पकड मला ओळखीची होती. लहानपणी मामाने मला विहिरीत पोहायला उतरवलं तेव्हा मी त्याच्या मानेला घातली होती तशी. मामा म्हणत होता, अरे सोड, बुडणार नाहीस. मी सोडत नव्हतो.

दवाखान्यात आक्कांच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बंद असल्याचं निघालं. ती उघडली. आठवडा अजून गेला असता तर उघडायला माणूस नसता, असं डॉक्टरांनी किशोरदादाला सांगितलं, आणि मूठ मोजून आणायचं कुणाला सुचलं असंही विचारलं. किशोरदादाने भाडेकरू म्हणून माझं नाव घेतलं. आक्का दवाखान्यातून घरी आल्या, औषधं घ्यायला लागल्या, रबरी गोळा पिळायचा व्यायाम करायला लागल्या. त्यांचा उजवा हात डाव्याच्या पुढे गेला. यंदाची लावणी त्यांनी बांधावर खुर्ची टाकून बघितली आणि सगळ्यांच्या चुका काढल्या. खोलीत पंखा पाचावर असतो, खाली जिन्यापर्यंत आवाज येतो.

मी दुपारी बाजेवर असतो. मी आलो नाही तर भाव कबूल झाला असं धरतील, आणि आता सौदा माझ्या हातात असल्यामुळे तो भाव कुणाच्या जिवाचा, हे किशोरदादाला माहीत नाही आणि आक्का विषय बदलतात. लॅपटॉप डाव्या हाताने चालवतो. कंपनीने सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आहे. मी ज्येष्ठांच्या चाचणीचं काम चालू आहे असं कळवतो, आणि ते खोटं नाही. माझा उजवा हात मी परवा मोजला. अ‍ॅपने वय विचारलं, मी अठ्ठावीस टाकलं, त्याने मला तब्येत सांभाळा आजोबा या अर्थाचा मजकूर पाठवला.

काल आक्का चहा घेऊन आल्या. कप माझ्या डाव्या हातात दिला आणि टॉवेलाकडे न बघता उभ्या राहिल्या.

"माजी आटवन काडत्यात का?"

मी म्हणालो, रोज.

"काडू दे," आक्का म्हणाल्या आणि जरा वेळ तिथेच थांबल्या. मग आत गेल्या. टॉवेलाखालच्या हाताने तेवढा वेळ माझी बोटं अगदी हलकी धरली होती. त्या गेल्यावर पुन्हा आवळली.

आज मी डाव्या हाताने खालील अर्ज लिहिला आहे आणि तो पौडला तहसील कचेरीत जाऊन देणार आहे, सकाळच्या वेळात.

प्रति, मा. तहसीलदार, मुळशी. विषय: उजवा हात सुटून मिळणेबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून अर्जदार ऋषिकेश, हल्ली मुक्काम माण, विनंतीपूर्वक कळवितो की, मयत जनार्दन यांनी अर्जदाराचा उजवा हात ताब्यात ठेवला असून अर्जदाराचे त्यांच्याशी कोणतेही नाते अथवा वैर नाही. मयत यांच्या पकडीचा अहवाल सोबत जोडला आहे. त्यांची प्रकृती उत्तम आहे. तरी मयत यांस हात सोडण्याचा लेखी आदेश व्हावा, व हात सोडल्यानंतर त्यांना एकटे वाटू नये याकरिता शासनाच्या वतीने रोज दुपारी एका सक्षम अधिकाऱ्याने त्यांचा हात धरून बसावे, ही नम्र विनंती.